अध्यक्षांना मत नसतं

माझ्या सासूबाई म्हणायच्या, घर चालवायला एक हुशार बाई आणि एक मुका पुरुष पुरतो. उज्जैनला देवास गेटच्या पिवळ्या कोठीत तेवढ्यानं भागायचं नाही. तिथे घर चालवायला ठराव लागायचा, त्याला अनुमोदन लागायचं, आणि कुणाची हरकत असली तर ती रविवारी सकाळी दहा वाजता, चहाच्या आधी.

कोठी बस स्टँडच्या मागे होती. पुढच्या भागात मालक एकटे राहायचे, मागच्या आणि वरच्या खोल्यांत आम्ही चार भाडेकरू. आमचे हे बँकेत क्लार्क. आमच्या शेजारी रामघाटावर पूजा सांगणारे पंडितजी आणि त्यांचं खटलं, वर रेल्वेतले गार्डसाहेब, आणि जिन्याजवळच्या खोलीत मराठी शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीणबाई, एकट्या. मालक नव्वदी ओलांडलेले. त्यांना चांगलं पल्लेदार नाव होतं, मागे बॅरिस्टरीचं शेपूटही होतं, पण ते फक्त लाइटबिलावर यायचं. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना अध्यक्षजी म्हणायचे. नवीन माणूस विचारायचा, कशाचे अध्यक्ष? मी सांगायची, आमचे.

आम्ही खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी ह्यांना ना पगार विचारला, ना गाव. विचारलं, "आपण कुठल्या सभेचे सभासद आहात?"

हे गडबडले. म्हणाले, "बँकेच्या पतपेढीचा आहे."

"मग हरकतीचा मुद्दा म्हणजे काय, ते आपणांस ठाऊक असेल."

ह्यांना कुठलं ठाऊक? ह्यांची उभ्या आयुष्यात कशालाच हरकत नसायची. मीच मागून म्हटलं, "सभा चुकीच्या रस्त्यानं जाऊन राहिली असली की मधेच उठून सांगायचं, तो." कॉलेजात डिबेटिंग केलं होतं मी, माधव कॉलेजात नव्हते, पण कन्या महाविद्यालयाच्या पोरीही काही कमी नव्हत्या. म्हातारा खुर्चीतून उठून उभा राहिला. खोली आम्हाला मिळाली, आणि पुढच्याच रविवारी मी सभेची चिटणीस झाले. बहुमतानं. मास्तरीणबाई तटस्थ राहिल्या, कारण माझं अक्षर त्यांना पसंत नव्हतं.

चिटणीस म्हणजे वृत्तान्त लिहायचा. मत द्यायचं नाही. घराला एक मत, आणि तो हात घरच्या पुरुषाचा, हा नियम अध्यक्षजींनी ब्रिटिशांच्या काळात केला होता. मास्तरीणबाई एकट्या म्हणून त्यांना मत होतं. मी पहिल्याच महिन्यात त्यावर हरकत घेतली की बाईनं मत मिळवायला एकटं राहायचं का. अध्यक्षजी डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "मुद्दा विचारार्ह आहे."

हे त्यांचं पेटंट वाक्य. दूधवाल्यानं भाव वाढवला, मुद्दा विचारार्ह आहे. डॉक्टरांनी सांगितलं गोड बंद करा, मुद्दा विचारार्ह आहे, आणि वरून एक मावाबाटी. गच्चीवरच्या वानरानं एकदा त्यांचा चष्मा पळवला. आम्ही सगळे काठ्या घेऊन ओरडत होतो, अध्यक्षजी खाली उभे राहून त्या वानराशी इतक्या अदबीनं बोलत होते, की पंडितजी म्हणाले, "बहनजी, अब ये बंदर को भी मेंबर बनाएँगे."

त्यांच्या वडिलांच्या दोन जिनिंग फॅक्टऱ्या होत्या. माळव्यातल्या कापसाचा पैसा घरात नुसता भरून यायचा. विलायतेला जाऊन हे बॅरिस्टर झाले आणि परत येऊन, बापानं कपाळाला हात लावला तरी, राजकारणात पडले. राजकारणात तेव्हा जहाल आणि मवाळ असे दोन तट होते आणि हे दुसऱ्यातले. पण त्यांना मवाळ म्हटलेलं चालायचं नाही. "नेमस्त म्हणा," असं दुरुस्त करायचे. "मऊ भात असतो."

नेमस्तांचं राजकारण मला त्यांनीच शिकवलं. आधी सभा घ्यायची. मग ठराव करायचा. तो चांगल्या कागदावर टाइप करून वर पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र. ह्याला म्हणायचं सनदशीर मार्ग. संस्थानात लोकांनी निवडलेली सभा असावी म्हणून त्यांनी तरुणपणी ग्वाल्हेरला शिष्टमंडळ नेलं होतं, सगळ्यांचं फर्स्ट क्लासचं तिकीट स्वतः काढून. दरबारातल्या कुणा अधिकाऱ्यानं अत्तर लावलं, विडे दिले, आणि प्रश्न विचाराधीन आहे म्हणून सांगितलं.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"विचाराधीन आहे," ते म्हणाले. संस्थान जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली होती. ते चेष्टा करत होते की काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या बरोबरीचे लोक पुढे तुरुंगात जाऊन आले, मग मंत्री झाले, मग त्यांचे पुतळे झाले. हे कुठेच गेले नाहीत. कायदा पटत नसेल तर तो बदलायचा ठराव आणावा, मोडू नये, असं त्यांचं म्हणणं. गार्डसाहेबांनी एकदा सभेत त्यांना खवचटपणे विचारलं, की देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपण काय केलं? अध्यक्षजींनी सरळ उत्तर दिलं. "मी भिन्नमत नोंदवलं. स्वातंत्र्याला विरोध नव्हता, पद्धतीला होता."

"और फिर?"

"मग पेढे वाटले."

निवडणूक ते एकदाच लढले. उज्जैनमध्ये मोटारी तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली एक ह्यांची. मोटारीतून गावभर फिरले, चौकाचौकात भाषणं केली. पण ह्यांची रीत अशी, की आधी विरोधी उमेदवाराची बाजू मांडायची, म्हणजे लोकांना तुलना करता येते. ती बाजू ते इतक्या प्रामाणिकपणानं मांडायचे, की त्या बिचाऱ्या उमेदवाराला स्वतःला कधी ती तशी मांडता आली नव्हती. लोकांना ती पटली. तो माणूस निवडून आला आणि पेढे घेऊन ह्यांच्या पाया पडायला आला. मला हे ऐकून हसू आवरेना. ते मात्र गंभीर होते. "बाजू त्याची बळकट होतीच," म्हणाले, "मी तरी काय करणार?"

मास्तरीणबाईंनी अध्यक्षजींच्या बायकोला पाहिलं होतं. त्या सांगायच्या, की घरात नवरा-बायको दोघंच, म्हणून तिथे अध्यक्षालाही मत, आणि प्रत्येक गोष्टीत एक मत इकडे, एक तिकडे. बरोबरी झाली की अध्यक्षांना निर्णायक मत असतं. पण अध्यक्षानं ते स्वतःच्या फायद्यासाठी वापरू नये, असा ह्यांचा दंडक. म्हणून ते मत दर वेळी बायकोच्या पारड्यात. आयुष्यभर त्या घरात भाजी तिच्या आवडीची झाली. "फार सुखात गेली हो बाई," असं म्हणून मास्तरीणबाई पदर डोळ्याला लावायच्या.

आम्हालाही असंच सुख होतं. भाडं वाढवायचा ठराव ते दर वर्षी दिवाळीनंतर मांडायचे, त्याची कारणं सांगायचे, आणि आम्ही चौघं मिळून तो दर वर्षी पाडायचो. "ठराव नामंजूर," असं ते घंटी वाजवून सांगायचे, आणि मग चहा. त्यांच्या चांदीच्या ट्रेमध्ये. एकदा ह्यांना लाज वाटली, म्हणाले, ह्या वर्षी थोडं देऊन टाकू. मी म्हटलं, गप्प बसा, सनदशीर चाललंय ते चालू द्या.

मग देशात सगळं खुलं झालं म्हणतात तो काळ आला. पेपरात रोज नवीन कंपनी, नवीन टीव्ही, नवीन स्कूटर. अध्यक्षजींनी तीन रविवार नव्या आर्थिक धोरणावर चर्चा ठेवली. पंडितजींनी त्यात एकच प्रश्न विचारला, की ह्यानं दक्षिणा वाढेल का. गार्डसाहेबांना केबल हवी होती. तार अध्यक्षजींच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीतून न्यावी लागणार होती, आणि त्यांना तर रेडिओचाही आवाज सहन व्हायचा नाही. ठराव तीन विरुद्ध एक असा मंजूर झाला. ज्या दिवशी तार आली, त्या दिवशी तारवाल्याला चढायला शिडी अध्यक्षजींनीच दिली. नंतर रात्रभर खिडकी उघडी राहून थंडीनं खोकत होते. मला असा संताप यायचा त्या माणसाचा, काय सांगू. एखाद्या वेळी नाही म्हणावं ना माणसानं, आपलंच घर आहे.

ब्याण्णवचा सिंहस्थ झाला आणि उज्जैनकरांना कळलं, की आपण ज्या खोलीत झोपतो ती भाड्यानं देता येते. देवास गेटला तर हॉटेलांची रांगच लागली. दुसऱ्या वर्षी संक्रांत झाल्यावर इंदूरहून अध्यक्षजींचा पुतण्या आला. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पुढेमागे सगळं त्याचंच होणार होतं, पण त्याला पुढचं नको होतं, आताचं हवं होतं. बरोबर पावभर नमकीन आणि एका बिल्डरचा नकाशा. कोठी पाडायची, तिथे हॉटेल. काकांना इंदूरच्या फ्लॅटमध्ये न्यायचं. आम्हा चौघांना रेल्वे लाइनपलीकडच्या नव्या कॉलनीत एकेक फ्लॅट.

अध्यक्षजी नकाशा बघून म्हणाले, "मला हे मान्य नाही. मी इथेच मरणार."

इतकं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मुद्दा विचारार्ह आहे, असंसुद्धा म्हणाले नाहीत. कोठी त्यांच्या नावावर, सही त्यांची. विषय संपला होता. पण पुतण्या त्यांच्याच घरातला, काका त्याला पाठ होता. तो हसून म्हणाला, "काका, तुम्ही एकट्यानं ठरवून राहिले का? सगळ्यांच्या राहण्याचा प्रश्न आहे. सभेत मांडा ना. सभा म्हणेल ते आपल्याला मान्य."

अध्यक्षजींनी नकाशाची गुंडाळी केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चिटणीसबाई, रविवारच्या सभेची सूचना काढा."

तो आठवडा कोठीत कुणी कुणाशी धड बोललं नाही. पुतण्या सगळ्यांच्या दारी जाऊन आला. पंडितजींच्या घरी सहा माणसं दोन खोल्यांत, त्यांना फ्लॅट म्हणजे वैकुंठ. गार्डसाहेबांच्या मुलीचं लग्न ठरत नव्हतं, पाहुण्यांना बसवायला जागा नाही म्हणून. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो फ्लॅट हवा होता. सकाळी डबा करायच्या घाईत अंगणातल्या संडासापुढे बादली घेऊन उभं राहिल्याशिवाय ते कळायचं नाही. स्वतःची बाथरूम, आतून कडी लावता येणारी. मी नकाशात ती बोटानं चाचपून बघितली होती. पण म्हाताऱ्याला ह्या वयात घरातून काढल्याचा ठराव माझ्या हातानं लिहायचा, हे मला जमणारं नव्हतं. मी ह्यांना सांगून ठेवलं, की त्या बाजूला हात वर केलात तर सोमवारपासून खानावळीत जेवा. हे म्हणाले, "माझी कशालाच हरकत नाही." मी म्हटलं, "ह्या वेळी आहे."

मी मनात हिशेब मांडून ठेवला होता. पंडितजी आणि गार्डसाहेब विकण्याच्या बाजूनं. आम्ही आणि मास्तरीणबाई विरोधात. बरोबरी. बरोबरी झाली की अध्यक्षांचं निर्णायक मत. स्वतःच्या भाजीसाठी नसेल वापरलं त्यांनी, पण इथे जिवावर आलं होतं, आता वापरतील. मास्तरीणबाईही मला जिन्यात हळूच म्हणाल्या, "काळजी नको, खुर्चीत ते स्वतः आहेत."

रविवारी सगळे जमले. अध्यक्षजी बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणं, असे आले. पुतण्या दाराशी वेताच्या मोड्यावर. घंटी वाजली. मी विषय वाचला. आणि अध्यक्षजी उभे राहिले.

"पुढील विषयात माझा स्वतःचा हितसंबंध आहे," ते म्हणाले. "अशा वेळी अध्यक्षानं खुर्ची सोडावी, चर्चेत भाग घेऊ नये व मतही देऊ नये, असा संकेत आहे. सभेतल्या सर्वांत ज्येष्ठ सभासद मास्तरीणबाई, त्यांनी स्थानापन्न व्हावं." आणि काठी टेकत टेकत बाहेर व्हरांड्यात जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पुतण्यासुद्धा क्षणभर ओशाळला, देव जाणे खरा की खोटा.

मास्तरीणबाई त्या उंच खुर्चीत बसल्या, पाय जमिनीला टेकेनात. चर्चा काय होणार? गार्डसाहेब खाली बघून म्हणाले, की मुलीचा प्रश्न आहे. पंडितजी म्हणाले, "अध्यक्षजी की सेवा तो हम इंदौर जाके भी करेंगे." ह्यांना बोलता येईना, तेव्हा ह्यांनी नुसतं, "मला वाटतं, राहू द्यावं," इतकंच म्हटलं. आमच्या संसारात ह्यांनी केलेलं तेच एक भाषण.

मग मतदान. विकावी म्हणणारे? पंडितजी आणि गार्डसाहेब, दोन हात. विकू नये म्हणणारे? ह्यांचा हात. आणि खुर्चीतून मास्तरीणबाईंचा. चांगला ताठ, शाळेत मुलं गप्प करायला करायच्या तसा.

दोन आणि दोन. मी वहीत बरोबरी लिहूनही टाकली.

तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला. "हरकतीचा मुद्दा."

आवाज पुन्हा आला, पाठमोरा, अगदी शांत. "अध्यक्षांना मत नसतं, बाई. बरोबरी झाली तरच असतं. आपला हात खाली घ्यावा."

"अहो, पण..." मास्तरीणबाईंचा हात वरच होता. "अहो, मी हात खाली घेतला तर ते दोन आणि हे एक. घर जाईल तुमचं."

"मतांची मोजणी खुर्चीचं काम आहे. परिणामांची नाही."

मास्तरीणबाईंनी हात खाली घेतला. अर्धा घेतला, थांबल्या, मग मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं तो दाबून धरला, जणू परत वर जाईल. ठराव मंजूर झाला. अध्यक्षजी आत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता चहा."

इतकी साधी गोष्ट. ते खुर्चीत राहिले असते तरी वाचले असते. खुर्ची सोडून सभासद म्हणून हात वर केला असता तरी दोन-दोन होऊन मास्तरीणबाईंच्या निर्णायक मतानं वाचले असते. नुसते गप्प बसले असते तरी चाललं असतं, कारण आमच्यातल्या कुणालाच तो नियम आठवत नव्हता. त्यांना हरवायला पुतण्या लागला नाही, बिल्डर लागला नाही. उज्जैनमध्ये हे काम फक्त त्यांनाच येत होतं.

संध्याकाळी दिवेलागणीला पंडितजी घाटावरून परत आले ते आपल्या खोलीत न जाता थेट अध्यक्षजींच्या समोर. धोतर ओलंच होतं. हात जोडून म्हणाले, "आज पूजा में मन नहीं लगा. अध्यक्षजी, मैं अपना मत वापस लेता हूँ. हमें नहीं चाहिए फ्लॅट-व्लॅट." मागोमाग गार्डसाहेबही आले, पायात चपला न घालता. म्हणाले, "मैं भी."

मला वाटलं, सुटलो. मी तर वृत्तान्ताचं पान फाडायला हात घातला होता.

अध्यक्षजींनी दोघांना बसायला सांगितलं. फार मायेनं सांगितलं. मग म्हणाले, "एकदा मंजूर झालेला विषय सहा महिने पुन्हा सभेपुढे घेता येत नाही."

"सहा महिन्यांत इथे वीटसुद्धा राहायची नाही," मी म्हटलं.

"तसं होऊ शकतं."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, खड्ड्यात गेला तुमचा नियम. घर तुमचं, सही तुमची, विकणारे म्हणून राहिले की विकू नका, आणि तुम्ही कोणाला दाखवून राहिले आहात हे सगळं? दरबाराला? तो गेला. तुमचा पक्ष गेला. ज्यांनी नियम मोडले त्यांच्या नावाचे चौक झाले. तुमच्या नावाचा एक नळ तरी आहे का गावात? हे माझा हात ओढत होते, पण मी सगळं बोलले.

अध्यक्षजींना राग आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "चिटणीसबाई, मी दर वर्षी तुमच्यापुढे भाड्याचा ठराव हरत आलो. हरल्यावर मी कधी म्हटलं नाही, की आता हा नियम नको. तुम्हीही म्हटलं नाही. आज मी हरलो म्हणून नियम नको, असं म्हटलं, तर मग इतकी वर्षं आपण रविवारी काय करत होतो?"

त्या प्रश्नाचा मला आजही राग येतो.

त्यांनी सही केली. होळीनंतर पुतण्या गाडी घेऊन आला. जाताना अध्यक्षजींनी कोठीकडे वळून बघितलं नाही. आमच्या चौघांच्या दारांपुढे मात्र उभे राहिले, प्रत्येकापुढे टोपी काढून. आम्हाला फ्लॅट मिळाले. विरोधात मत दिलं म्हणून आमचा काही कमी नव्हता. बाथरूमला आतून कडी आहे. पहिले काही दिवस मी ती लावून आत रडायची, हे ह्यांनाही ठाऊक नाही.

सगळे विसरले असतील असं मला वाटलं होतं, पण श्रावणात, महाकालाच्या सवारीच्या गर्दीत जीव घाईला आलेला असताना, पंडितजी आमच्या तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आले. "बहनजी, छह महीने हो गए."

"पंडितजी, कोठी पाडली की हो."

"वो मुझे भी दिखता है. चलना है कि नहीं?"

रविवारी आम्ही पाच जण इंदूरच्या बसमध्ये बसलो. मास्तरीणबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पुतण्याचा फ्लॅट मोठा होता, टीव्ही चालू होता, आणि अध्यक्षजी आतल्या खोलीत पलंगावर, इतकेसे झालेले, कोपरं नुसती हाडं. आम्हाला बघून त्यांनी पहिल्यांदा कोट मागितला. सुनेनं तो शोधून आणेपर्यंत ते आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

पंडितजींनी विषय मांडला. कोठी विकू नये. पुतण्या दारात उभा होता, तो हसला. "पंडितजी, मकान है कहाँ अब?"

"ऑर्डर," अध्यक्षजी म्हणाले. आवाज फाटला होता, पण पुतण्या गप्प झाला. मग ते माझ्याकडे वळले. "सहा महिने पूर्ण झाले आहेत?"

"झाले."

"तर विषय घेता येतो." आणि हा माणूस, सांगते काय, उठला. दोघांनी धरून उठवावं लागलं. त्यांचा हितसंबंध होता ना. बाल्कनीत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली, ते आमच्याकडे पाठ करून बसले. मास्तरीणबाई पलंगाच्या कडेवर अध्यक्ष झाल्या. विकावी म्हणणारे? कुणी नाही. विकू नये म्हणणारे? पंडितजी, गार्डसाहेब, हे. मास्तरीणबाईंनी ह्या वेळी हात मांडीवरच ठेवला होता, घट्ट.

आम्ही त्यांना आत आणलं. मास्तरीणबाईंनी निकाल सांगितला. त्यांना नीट ऐकू गेलं नाही असं वाटलं, म्हणून मी कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं.

"विरोधात?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"आपला ठराव मंजूर झाला?"

"झाला, अध्यक्षजी."

कोटाची वरची गुंडी लावत होते, ती लागेना, मी लावून दिली. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. लहान मुलाला शाळेत पहिल्यांदा बक्षीस मिळालं, की ते ज्या अविश्वासानं घरी येतं, तसं काहीतरी. "माझ्या बाजूनं मंजूर झालेला," ते म्हणाले, "हा पहिलाच."

गार्डसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पुतण्याला राहवलं नाही. वाईट हेतूनं नव्हे, पण तो म्हणाला, "काका, ठीक आहे, पण आता ह्याची अंमलबजावणी कशी करायची? तिथे हॉटेलच्या पायाचा खड्डा आहे."

अध्यक्षजींनी त्याच्याकडे बघितलं, आपण एवढा शिकलेला माणूस आणि असं काय विचारता, अशा नजरेनं.

"अंमलबजावणी हे सभेचं काम नव्हे," ते म्हणाले. "चिटणीसबाई, ठराव स्वच्छ अक्षरात लिहा आणि वर पाठवून द्या."

मी लिहिला. मास्तरीणबाईंनी त्यावर सही केली. वर म्हणजे कुठे, हे मी त्यांना विचारलं नाही.